पर्यावरणाची परदेशी बालपुस्तके मराठीत आणताना: नावे बदलून भागेल का?

प्रश्न – पानोपानी

नमस्कार मंडळी,

एका संस्थेसाठी पर्यावरणावरच्या छोट्या चित्रपुस्तकांचा संच मराठीत करते आहे. मूळ पुस्तके उत्तर युरोपातली, आमच्या हाती इंग्रजीतून आलेली. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत तिसरी-चौथीला ‘परिसर अभ्यासा’च्या जोडीला पूरक वाचन म्हणून ती जाणार आहेत. वाक्ये सोपी आहेत, भाषेची ओढाताण नाही. गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी.

पहिल्या पुस्तकात ऑक्टोबर महिना आहे. ओकची पाने लाल-पिवळी होऊन गळतात, मुले ती वहीत चिकटवतात, भिंगऱ्या थवे करून दक्षिणेला निघून जातात, खार हिवाळ्याची बेगमी करते आणि अस्वल गुहेत झोपी जाते. दुसरे पुस्तक घरातले: दात घासताना नळ बंद कर, खोलीतून जाताना हीटर बंद कर, आईबाबांना सांग की गाडी कमी वापरा. तिसरे जंगलाचे, त्यात झाडे तोडणारा कुऱ्हाडवाला माणूस आहे. शेवटच्या पानावर सगळी मुले मोकळ्या माळावर झाडे लावतात.

संपादकांचे म्हणणे, “मुलांना आपलेसे वाटले पाहिजे.” म्हणजे टॉमचा बंडू, ओकचा वड, भिंगरीची चिमणी. चित्रे शक्यतो तीच ठेवायची. माझे मन या अदलाबदलीला तयार होत नाही, पण बैठकीत “मला पटत नाही” एवढ्यावर कोणी ऐकत नाही. वर्गात शिकवणाऱ्यांनी सांगावे: अशी पुस्तके हातात आली तर तुम्हाला काय उपयोगी पडते आणि काय आड येते?

---

प्रतिसाद – खडूफळा

ताई, तुमचे मन बरोबर सांगते आहे. संपादकांना द्यायला कारणही सरळ आहे. नुसत्या गोष्टीच्या पुस्तकात नावे बदलली तर फार तर चव बिघडते. पर्यावरणाच्या पुस्तकात नावे बदलली की माहितीच खोटी होते.

भिंगरीची चिमणी केलीत, म्हणजे चिमणी हिवाळ्यात देश सोडून जाते असे तुम्ही छापलेत. आमची चिमणी बारा महिने शाळेच्या पत्र्याखाली काड्या कोंबत असते. ओकचा वड केलात, तर वड ऑक्टोबरात लाल होऊन गळू लागतो. प्रत्यक्षात तेव्हा तो हिरवागार असतो. अस्वल तर नाव न बदलताच खोटे पडते. मेळघाटातले, ताडोब्यातले आपले अस्वल थंडीत झोपी जात नाही, ते वाळवी आणि मुंग्या हुंगत वर्षभर हिंडते. तिसरीतले पोर हे सगळे वाचते आणि खरे धरते, कारण पुस्तकात छापले आहे. मग बाहेर बघते तर काही जुळत नाही. पुस्तक आणि बाहेर यांचे भांडण लागले की आपल्या शाळांत पुस्तक जिंकते, आणि मूल बाहेर बघणे सोडते. परिसर अभ्यासाचा याहून मोठा तोटा मला तरी दिसत नाही.

माझ्या मते दोनच वाटा आहेत. एक, गोष्ट तिच्या मुलखातच राहू द्या. ओक ओकच, टॉम टॉमच, पहिल्या पानावर देशाचे नाव आणि छोटा नकाशा. मुलांना परक्या मुलखाचे वावडे नसते. बर्फ कधी न पाहिलेली पोरे बर्फाची गोष्ट डोळे विस्फारून ऐकतात. त्यांना फक्त हे कळले पाहिजे की ही गोष्ट तिकडची आहे. दुसरी वाट, पुस्तकाचा हेतू तेवढा घ्या आणि आपल्या ऋतूंवर, आपल्या झाडांवर ते मुळापासून नव्याने लिहा. मधली वाट, बंडूने वडाखाली ओकची पाने वेचायची, ती नको.

दुसऱ्या वाटेविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तिथेच आहे. मी जुन्नर तालुक्यात शिकवतो. आमचे शाळेचे वर्ष आणि निसर्गाचे वर्ष एकाच वेळी सुरू होते, हे भाग्य त्या उत्तरेकडच्या मुलांना नाही. जूनच्या मध्यावर शाळा भरते आणि त्याच सुमाराला डबक्यांत बेडकांची अंडी दिसू लागतात. तिकडच्या पुस्तकात बेडूकमाशांचा पाठ वसंत ऋतूत येतो. भाषांतरात तो तसाच ठेवला तर आमच्या मुलांनी तो मार्चमध्ये वाचायचा, जेव्हा गावची डबकी सुकून तडकलेली असतात.

पाने गळण्याचेही तसेच. आमच्याकडे पानगळ जानेवारी ते मार्च. त्यातही नवल असे की पळस, पांगारा, काटेसावर ही झाडे पाने टाकून उघडी होतात आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलतात. तिकडे पानगळ म्हणजे उदास, संपत आलेले वर्ष. आपल्याकडे पानगळीतच सगळ्यात भडक रंग येतात, त्याच दिवसांत पिंपळाला तांबूस पालवी फुटते. तेव्हा “झाडे दुःखी झाली” असले वाक्य मूळ पुस्तकात असेल तर ते मराठीत आणू नका. त्या वाक्याला आपल्या रानात आधार नाही.

पक्ष्यांचेही उलट आहे. तिकडच्या मुलांचे पक्षी हिवाळ्यात निघून जातात, आपल्याकडे हिवाळ्यात येतात. पावसाळा संपता संपता धोबी पक्षी शेपटी हलवत मैदानात उतरतो, माळभिंगऱ्या तारांवर रांगेने बसू लागतात, आणि पुढे थंडीत भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) जमतात. तोच धडा “पाहुणे आले” असा लिहिलात तर एकही गोष्ट खोटी न लिहिता स्थलांतर शिकवता येते.

आता ऑक्टोबरच्या पानाचे काय करायचे? मी तिथे बियांचा धडा घालेन. दिवाळीच्या सुट्टीनंतर गवत वाळलेले असते. मुलांना शेताच्या बांधावरून एक फेरी मारून आणायचे आणि व्हरांड्यात बसवून कपड्यांना काय काय चिकटले ते कागदावर काढायला सांगायचे. कुसळे निघतात, आघाडा निघतो, एखाद्याच्या चपलेत गोखरू सापडतो. मग एक लांब शेपटीचे कुसळ घ्यायचे आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. शेपटीला दोरीसारखा पीळ असतो. पाणी लागले की तो सुटू लागतो आणि कुसळ कागदावर आपोआप गरगरू लागते. पहिला पाऊस पडला की असेच फिरत फिरत ते मातीत स्वतःला रोवून घेते. हे बघताना वर्गात जी शांतता होते ती मला एरवी छडी घेऊनही मिळाली नसती (छडी मी वापरत नाही). वाऱ्यावर उडणारे बी दाखवायला परदेशी पुस्तकात जे फूल असते त्याची इथे गरज नाही. रुईचे फळ फुटले की निघणाऱ्या म्हाताऱ्या प्रत्येक पोराने फुंकर मारून उडवलेल्या असतात.

घराच्या पुस्तकाबद्दल मात्र मला काळजी वाटते. त्यातले “आईबाबांना सांग” हे सूत्र नीट तपासा. जिथे दोन मोटारी आणि खोलीखोलीत हीटर आहे, तिथे मुलाने वडिलांना टोकणे ठीक आहे. आमच्याकडे त्याच पानाचे रूपांतर “आईला सांग, चुलीने धूर होतो” असे झालेले मी पाहिले आहे. चुलीचा धूर वाईट हे त्या आईला कोणापेक्षाही जास्त ठाऊक आहे, तिच्याच डोळ्यांत तो जातो. सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटते. अशा घरातल्या मुलीच्या तोंडी आपण तिच्याच आईविरुद्ध वाक्य घालतो. ती मुलगी पर्यावरण शिकत नाही, घराची लाज बाळगायला शिकते. हे पान काढून टाकण्यासाठी तुम्ही भांडावे असे मला मनापासून वाटते.

नळाचे पान मात्र उलटे करून ठेवता येईल. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात नळ बंद करण्याचा उपदेश वाया जातो. त्याऐवजी विचारा: तुमच्या घरी पाणी कोण आणते? कुठून? लिटरची बाटली घेऊन घरचा हंडा मोजा, दिवसात किती हंडे लागतात ते लिहा. गणित होते, मोजमाप होते. शिवाय पाणी बहुतेक घरांत आई किंवा मोठी बहीण आणते हे मुलगे स्वतःच्या हाताने वहीत लिहितात.

आणि एक. वन्यप्राण्यांच्या पानावर “बिबट्या जंगलात राहतो” एवढेच लिहून थांबू नका. आमच्याकडे तो उसात राहतो, उसातच पिल्ले घालतो. संध्याकाळी उसाच्या कडेने एकटे जायचे नाही, गेलो तर मोठ्याने बोलत जायचे, हे आमच्या मुलांचे पर्यावरण आहे. सापांच्या पुस्तकातही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांची नीट ओळख हवीच. “बहुतेक साप निरुपद्रवी असतात” हे वाक्य खरे आहे, पण भातखाचरात अनवाणी उतरणाऱ्या मुलाला तेवढे सांगून चालत नाही.

हे सगळे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. माँटेसरी शिक्षणपद्धतीची महागडी साधने त्यांनी जशीच्या तशी आणली नाहीत. त्यामागचा विचार घेतला आणि शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांची साधने केली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तर कुरणात शाळा नेली. भाषांतर असेच व्हावे असे मला वाटते.

---

प्रतिसाद – मोहफूल

गुरुजींनी ऋतूंचे छान लिहिले आहे. मला तुमच्या कुऱ्हाडवाल्याबद्दल कळकळीने सांगायचे आहे.

मी मेळघाटात पहिली-दुसरीला शिकवते, वर्गातली बहुतेक मुले कोरकू घरांतली. अशीच एक पुस्तिका आमच्याकडे आली होती. मूळ चित्रात बहुधा पँट-बूट घातलेला कोणी असावा. मराठी करताना त्याला धोतर नेसवले, डोक्याला फडके बांधले, हातात कुऱ्हाड दिली. बाजूला तोडलेले खोड, वर रडणारी खार. वर्गातल्या एका मुलाने चित्रावर बोट ठेवून “बाबा” म्हटले. त्याच्या घरी कुऱ्हाड आहे, सगळ्यांच्याच घरी आहे. वाळके लाकूड, बांबू, कुंपण, सगळे तिच्यावर चालते. चित्रकाराला वाईट वागायचे नव्हते, तो फक्त “आपलेसे” करत होता. पण खलनायक कोणाच्या कपड्यांत उभा करतो याचा विचार झाला नाही.

ही माणसे मोहाचे झाड तोडत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत आख्खे घर टोपल्या घेऊन फुले वेचायला जाते, कोणते झाड कोणाच्या वाट्याचे हे ठरलेले असते. मे महिन्यात तेंदूपाने. मेळघाट १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत होता. तेव्हापासून गावे उठवणे, चराईबंदी, पुनर्वसन हे शब्द इथल्या मुलांनी घरात ऐकलेले आहेत. त्यांच्यापुढे “माणूस जंगलाचा शत्रू” हे वाक्य ठेवताना कोणता माणूस ते सांगावे लागेल. मध्य भारतातले सागवान रेल्वेच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी इंग्रजांनी किती तोडले, हे कुठल्याच बालपुस्तकात का नसते?

दुसरे असे की तुमचे मराठी पुस्तक आमच्या दारात आले की वर्गात त्याचे आणखी एक भाषांतर होते, तोंडी. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, गडचिरोलीकडची गोंडी-माडिया द्राविड कुळातली. मराठीच्या ओळखीने त्या उमगत नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद आहे, पण “शक्य असेल तिथवर” अशा शब्दांत, आणि ते शक्य करण्याचे काम शेवटी वर्गातल्या बाईवर येते. तेव्हा ताई, वाक्ये लहान ठेवा आणि प्रत्येक प्राण्या-झाडाच्या चित्राखाली एक रिकामी ओळ सोडा, “तुमच्या घरी याला काय म्हणतात?” एवढेच विचारून. आमच्या मुलांना त्या ओळीत लिहायला खूप असते. पुस्तकात त्यांची भाषा बसायला जागा आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसते.

---

प्रतिसाद – माळावरची

माझे छोटेसेच, पण शेवटच्या पानाबद्दल. “मोकळ्या माळावर झाडे लावली” हे आमच्या सोलापूर भागात छापू नका, कृपा करून. माळरान म्हणजे ओसाड जमीन नव्हे. नान्नजचे अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी आहे आणि माळढोकाला झाडांची दाटी नको असते, उघडे गवत हवे असते. लांडगा, खोकड, काळवीट यांचेही घर तेच. युरोपातल्या ज्या जागेवर मूळ पुस्तकातली मुले झाडे लावतात तिथे पूर्वी खरोखरच जंगल असेल. इथे तेच चित्र उचलून ठेवले की गवत जाते आणि गवताबरोबर धनगरांची चराईही जाते. वर त्या रोपांत गुलमोहर, निलगिरी असली बाहेरची झाडेच जास्त असतात.

लांडग्याचेही बघा. परदेशी गोष्टींत तो कपटी आणि दुष्ट. मेंढपाळाच्या मुलाला तो मेंढी नेणारा म्हणून माहीत आहे, राग येतो, पण माळावर तो असणारच हेही त्याने घरी ऐकलेले असते. त्या पोराचे ऐका आणि मग लांडग्याचे पान लिहा.

---

पानोपानी

सगळ्यांचे मनापासून आभार. मोहफूल, ते चित्र मी लगेच उघडून पाहिले. आमच्याही आवृत्तीत चित्रकाराला “भारतीय करा” एवढीच सूचना गेली होती. ती आजच थांबवते.

गुरुजी, ऑक्टोबरचे पुस्तक तिकडचेच ठेवायचे आणि घराचे पुस्तक नव्याने लिहायचे असे माझे जवळजवळ ठरले आहे. जंगलाचेही नव्यानेच. दोन शंका उरतात. एक, संपादक म्हणतील की परदेशी ऋतू ठेवला तर शिक्षक पुस्तक बाजूला टाकतील. दुसरी, नव्याने लिहायला मूळ प्रकाशक परवानगी देईल का?

---

प्रतिसाद – प्रूफवाला

दुसऱ्या शंकेबद्दल. करार उघडून बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतर आणि रूपांतर हे वेगळे हक्क आहेत. तुमच्या संस्थेने नुसता भाषांतराचा हक्क घेतला असेल तर पाने बदलणे, चित्रातला माणूस बदलणे यासाठी वेगळी लेखी परवानगी लागेल. तोंडी “हो” वर काम सुरू करू नका. परवानगी अडलीच तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची, म्हणजे ठरलेल्या अटींवर कोणालाही वापरायला खुली ठेवलेली पुस्तके बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर अशी पुष्कळ आहेत, सीसी बाय ४.० या परवान्याखाली. मूळ लेखक-चित्रकारांचे श्रेय देऊन आणि काय बदलले ते सांगून ती बदलता येतात.

---

प्रतिसाद – खडूफळा

पहिल्या शंकेचे उत्तर देतो. शिक्षक पुस्तक बाजूला टाकतात ते परके आहे म्हणून नव्हे, त्याचे वर्गात काय करायचे ते कळत नाही म्हणून. १९९१ मध्ये वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शाळांत पर्यावरण सक्तीने शिकवायला सांगितले, २००३ मध्ये पुन्हा बजावले. तेव्हापासून आमच्याकडे घोषवाक्ये आली, प्रभातफेऱ्या आल्या, प्रकल्पवह्या आल्या. सोमवारी सकाळी वर्गाबाहेर नेऊन मुलांना काय दाखवायचे, हे सांगणारा कागद मात्र क्वचितच आला.

म्हणून ओकच्या पुस्तकाच्या शेवटी एक पान जास्तीचे मागा. डावीकडे टॉमच्या गावचे बारा महिने, उजवीकडे बारा रिकाम्या चौकटी. झाडाची पाने कधी गळली, पहिली पालवी कधी दिसली, धोबी पक्षी कधी आला, हे मुलांनी भरायचे. जूनमध्ये सुरू करून एप्रिलपर्यंत बहुतेक चौकटी भरतात, मे महिन्याची सुट्टीत घरी. कोकणातल्या शाळेच्या चौकटी वेगळ्या भरतील, मराठवाड्यातल्या वेगळ्या, आणि तशा त्या भरल्या पाहिजेत. संपादकांना सांगा की छपाईला एक तावसुद्धा जास्त लागणार नाही, मलपृष्ठाच्या आतली बाजू नाहीतरी कोरीच असते.

जंगलाच्या पुस्तकासाठी चित्रकार ठरला की कळवा. पळस, पांगारा आणि काटेसावरीचे पानगळीतले आणि फुलांतले फोटो माझ्याकडे आहेत, पाठवतो. पळसाची पाने मात्र त्याच्याकडून मोजून घ्या, एका देठाला तीनच.